जास्तीचा घास

मित्सुयो कुरिहाशीचं काम चांगलं झालं की मागे काहीच उरत नसे. कारखान्याच्या छपरातली कबुतरं गेलेली, देवळाच्या वळचणीचे कावळे गेलेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पांढरी छोटी व्हॅनही गेलेली. महिनाभराने कुणाच्या तरी लक्षात येई, "अरे, आवाज बंद झाला की!" तो कुणी बंद केला हे बहुतेकांना आठवतही नसे.

जुने ताकाजो, म्हणजे ससाणे पाळणारे, ससाणे उडवत ते शिकारीसाठी. मित्सुयो शिकार होऊ नये म्हणून उडवायची. तिची ससाणी झाडावर झेपावे, पाखरं घाबरून उठत, आणि कुणालाही नख न लावता ससाणी मुठीवर परत येई. असं दहा-पंधरा संध्याकाळी झालं की पाखरांच्या मनात बसे, हे झाड काही बरं नव्हे. "एक पीस जरी गळलं तरी माझं काम चुकलं," असं ती नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायची. गिऱ्हाइकाला त्याचं फारसं सोयरसुतक नसे.

या धंद्यात ती उशिरा आली. सोळा वर्षं ती बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहात कारकून होती. दर दुसऱ्या गुरुवारी ओनुकी नावाचा एक किडकिडीत म्हातारा ससाणा घेऊन यायचा, धक्क्यावरची घारी-कबुतरं हाकलायचा आणि मित्सुयोच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच चहा प्यायचा. एका गुरुवारी त्याने डाव्या हातातला हरणाच्या कातड्याचा मोजा काढून तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "मला जरा मोरीकडे जाऊन यायचंय. हिला धर." तो परत आला तोवर मित्सुयोचा हात भरून आला होता, पण तिने तो तसूभरही खाली येऊ दिला नव्हता. सहा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. भावाने फोनवर विचारलं, "या वयात? पक्षी?" त्यानंतर भावाचं नववर्षाचं कार्ड तेवढं येत राहिलं.

ओनुकीने तिला अंधाऱ्या खोलीत ससाणी हातावर घेऊन तासन् तास गप्प बसायला शिकवलं. लाकडी डबीचं झाकण वाजवून बोलवायला शिकवलं. आणि सगळ्यात आधी छाती चाचपायला शिकवलं. पिसांखाली दोन बोटं घालून छातीच्या हाडावरचं मांस जोखायचं. मांस कमी असेल तर ससाणी आजारी. फुगलं असेल तर ती तुमची नव्हे. या दोहोंच्या मध्ये तांदळाच्या पिठाच्या ताज्या लाडवासारखं, दाबलं तर दबेल पण बसणार नाही असं लागलं, तरच उडवायची. "माया कर की," ओनुकी म्हणायचा, "पण आधी काट्यावर ठेव."

त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. कोगे मागे राहिली. बुडाला लागलेल्या भाताच्या रंगाची, म्हणून कोगे. वय नऊ. नऊशे दहा ग्रॅमला ती मित्सुयोची असे. नऊशे चाळीसला निम्मं ऐके. त्याच्या पुढे कधी जाऊ दिलंच नव्हतं.

सप्टेंबरात किताहोरीच्या नगरपालिकेने तिला बोलावलं. स्टेशनासमोर केयाकीची बावीस झाडं, आणि त्यांवर संध्याकाळी उतरणाऱ्या राखी साळुंक्या, किमान आठ हजार. निरभ्र आभाळाखालीही लोक पाखरांच्या शिटेपासून वाचायला छत्र्या उघडून चालत. भोंगे लावून झाले होते, फांद्या छाटून झाल्या होत्या, जाळ्याही बांधून पाहिल्या होत्या. साळुंक्या रस्त्यापलीकडच्या बँकेवर जात आणि चार दिवसांनी परत येत. पर्यावरण विभागाचे याहागीसान निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते रोज संध्याकाळी फायलीऐवजी छत्री घेऊन हजर असत.

"कुरिहाशीसान, आज बाईसाहेबांचा मूड कसा आहे?"

"नऊशे बारा."

"म्हणजे बरा का?"

"म्हणजे भूक आहे."

"आमच्या घरी उलटं असतं. भूक लागली की मूड जातो."

मित्सुयो कसनुसं हसायची. विनोदाला उत्तर द्यायची सवय मोडली की मोडतेच. वर्षातले दोनशे दिवस ती परगावी असे, आणि ससाणी घेऊन आलेल्या बाईला कुणी घरी जेवायला बोलवत नाही. कुणाकडे मांजर असतं, कुणाकडे पिंजऱ्यात बारकी चिमणी.

राहायला जागा मिळाली तीही ओळखीने नव्हे. चौकातल्या सोब्याच्या शेवया विकणाऱ्या खाणावळीत माळ्यावरची एक खोली रिकामी होती. मालकीण फुसाएआजी एकोणऐंशीची. पाच चटया मावतील एवढी खोली. मित्सुयोने अर्ध्या भागात वर्तमानपत्रं पसरली, कोगेची दांडी ठेवली आणि अर्ध्या भागात स्वतःची गादी.

फुसाएआजी रोज सकाळी जिना अर्धा चढून कोगेचा नाश्ता बघायच्या.

"अगं, एवढुस्सं? माझ्या मांजराची उष्टी ताटली याहून भरलेली असते!"

"एवढंच लागतं तिला, आजी."

"लागतं कुणाला आणि देतंय कोण! बघ कशी बघतेय तुझ्याकडे. उपाशी ठेवून राबवतेस बिचारीला. माझी सासू अशीच होती."

कोगे बघत होती ती मांसाकडे.

अकरा संध्याकाळी छान गेल्या. साळुंक्या निम्म्यावर आल्या. मग वादळ आलं. तीन दिवस रेल्वे बंद, चौकात पाणी, खाणावळीला फळ्या. फुसाएआजींना त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला. सगळ्या इमारतीत मित्सुयो आणि कोगे, दोघीच राहिल्या.

पहिला दिवस मोजे शिवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण तोंड उघडलेलं नाही. उगाच "पाऊस" म्हणून पाहिलं. आवाज घोगरा, दुसऱ्याचा वाटला. तिने भावाला फोन लावला. वहिनीने घेतला. "ते आंघोळीला गेलेत, मित्सुयोसान. आले की करायला सांगते हं." आणि बराच वेळ फोन वाजला नाही.

कोपऱ्यात कोगे पिसं फुलवून बसली होती. मित्सुयोने मोजा चढवला, डबीतून लाव्याच्या मांसाचा एक तुकडा काढून मुठीत धरला आणि झाकण हलकेच वाजवलं. दांडीपासून मुठीपर्यंतचं अंतर दोन पावलांचं. कोगेने पंख अर्धवट उघडले आणि आली. शेपटीची घंटी किणकिणली. नऊशे ग्रॅमचा भार मनगटावर बसला, नख्या कातड्यात रुतल्या, मान खाली झुकली. तुकडा खाऊन झाल्यावर मित्सुयोने तिला दांडीवर ठेवलं.

मग आणखी एक तुकडा काढला.

तिला कोगेची कीव आली नव्हती. आजींचं बोलणंही मनाला लागलं नव्हतं. एका घासाला एक येणं, एवढंच. कुणीतरी तिच्याकडे पाहून जागेवरून उठत होतं, वाऱ्यात खिडक्या थडथडत असताना तिच्या हातावर येऊन बसत होतं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आता पुरे असं सहाव्या वेळी ती मोठ्याने म्हणाली, आणि सातव्या वेळी झाकण वाजवलं. तेव्हा कोगे आली नाही. तिने एक पाय पोटात ओढून घेतला आणि डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी मित्सुयोने तिला काहीच दिलं नाही. चौथ्या दिवशी ऊन पडलं. सकाळी काटा नऊशे बासष्टवर गेला.

दुपारी याहागीसानचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "आज सभागृहातले सात जण येतायत बघायला! आणि पेपरचा फोटोवाला. पुढच्या वर्षीही तुम्हालाच बोलवायचं ते आजच ठरेल, बघा. बाईसाहेबांना म्हणावं, जरा नटून या."

इथे एकच वाक्य बोलायला हवं होतं: आज उडवता येणार नाही. प्रत्येक ताकाजोच्या तोंडी ते कधी ना कधी येतं, त्यात लाज नाही. पण पुढचा प्रश्न येणारच होता, का? त्याचं उत्तर मित्सुयोकडे होतं आणि ते तिला देता येत नव्हतं. तिने पिसांखाली बोटं घातली. मांस गच्च, गोल लागलं. बोटं तशीच ठेवून ती म्हणाली, "येते. साडेपाचला."

साडेपाचला केयाकी साळुंक्यांनी काळ्या पडल्या होत्या. वादळाने भेदरलेली पाखरं दुप्पट किलबिलत होती. सात जण छत्र्या उघडून ओळीने उभे. मित्सुयोने मूठ पुढे केली. कोगे सुटली, पहिल्या झाडाच्या माथ्यावर गेली, आणि हजारो पाखरं एकदम उठली. चौकावर क्षणभर सावली पडली. टाळ्या वाजल्या. फोटोवाला गुडघ्यावर बसला. मित्सुयोने डबी वाजवली.

कोगेने खाली पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं. मग सावकाश, काम उरकल्यासारखी, चौक ओलांडून बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या सहाव्या मजल्यावरच्या पाटीवर जाऊन बसली.

"वा! पहारा द्यायला उंच जागा शोधली," सभागृहातल्या एकाने म्हटलं.

मित्सुयोने पुन्हा वाजवली. आणि पुन्हा. पाटीवर कोगेने एक पाय पोटात ओढून घेतला.

लोक एकेक करून पांगले. याहागीसान जवळ आले, त्यांनी छत्री मिटली. "काय झालं, कुरिहाशीसान?"

"वारा," ती म्हणाली. "वर वारा आहे."

याहागीसाननी वर पाहिलं. पाटीवरची फाटकी झालर सरळ लोंबत होती.

तिथून अडीच दिवस. कोगेला हाक मारून उपयोग नव्हता, चढून धरता येणार नव्हतं. पन्नास ग्रॅम अंगातून उतरायला जेवढा वेळ लागेल तेवढा लागणार, आणि तोवर तिने स्वतः काही मारून खाल्लं नाही तरच. एकदा का तिने कबुतर मारलं आणि पोटभर खाल्लं की तिला समजेल, मुठीशिवायही भागतं. मग ती कधीच येणार नाही. नऊ वर्षं मित्सुयोने तिला न मारायला शिकवलं होतं, पण मारायचं कुठल्याही ससाण्याला शिकवावं लागत नाही.

पहिल्या रात्री ती व्हॅनमध्येच राहिली, झोपली नाही. पहाटे कावळ्यांनी कोगेला पाटीवरून उठवलं. मित्सुयो शेपटीला बांधलेल्या यंत्राची टिकटिक ऐकत व्हॅन हाकत नदीवर आली. कोगे विजेच्या मनोऱ्यावर होती. पलीकडच्या तीरावर भाताचं कोठार, आणि कोठारावर कबुतरांची रांग.

दुपारी याहागीसान सायकलवरून आले. तांदळाचे चार गोळे आणि दुर्बीण घेऊन. "चौकात एक साळुंकी उतरली नाही काल," ते म्हणाले. "फुकटात जादा दिवस काम करतायत बाईसाहेब."

मित्सुयोने गोळा घेतला, खाल्ला नाही.

"काही करता येतं का?"

"वाट बघायची."

"मी बसू?"

तिला होय म्हणायचं होतं. "तुमचं ऑफिस असेल," ती म्हणाली. ते थोडा वेळ सायकल धरून उभे राहिले आणि गेले. जाताना दुर्बीण तिथेच ठेवून गेले.

संध्याकाळी फुसाएआजी टॅक्सी करून आल्या, किटलीत सोब्याचा गरम रस्सा घेऊन. नदीकाठच्या गवतात त्यांनी पदपथाच्या कठड्याला धरून वर मनोऱ्याकडे पाहिलं. "भूक लागली की येईल गं. माणसं नाही का येत?"

"माणसं येत नाहीत, आजी."

आजींनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "मग पी हा," त्या म्हणाल्या. "थंड होतोय."

दुसऱ्या दिवशी दोन तास टिकटिकच थांबली. मित्सुयो बांधावरून तो आवाज पकडणारं यंत्र डोक्यावर धरून पळत राहिली. टाचा सोलल्या. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही बाई आभाळाकडे काहीतरी मागतेय. टिकटिक पुन्हा लागली तेव्हा ती यंत्र शेजारी ठेवून गवतात बसली आणि बराच वेळ उठली नाही. ओनुकी असता तर काय म्हणाला असता याचा विचारही तिने केला नाही. तो काय म्हणाला असता ते तिला माहीत होतं.

तिसरी सकाळ धुक्याची. नदीकाठच्या बेसबॉलच्या मैदानाभोवती जाळीचं कुंपण, त्याच्या वरच्या दांड्यावर कोगे. ओली, लहान झालेली, दोन्ही पायांवर उभी. मित्सुयोने डबी काढली, आणि तेवढ्यात तिला कबुतर दिसलं. मैदानाच्या मधोमध, एकटं, चिखलात काही टोचत असलेलं. कोगेची मान त्याच्याकडे वळलेली होती. छाती पुढे कललेली.

आता झाकण वाजवलं तर कोगेचं लक्ष विचलित होईल, किंवा उलट होईल, आवाजानेच ती सुटेल. मित्सुयोचा अंगठा झाकणावर तसाच राहिला. तिने वाजवलं नाही.

कोगे निघाली. खाली, गवताला घासून, पंखांचा एकही फटका वाया न घालवता. कबुतर फडफडलं, उठलं, आणि उठता उठता त्याच्यामागे नऊ वर्षांत शेकडो वेळा गेली होती तशीच कोगे गेली, इतकी जवळ की मित्सुयोने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कबुतर कोठाराकडे चाललं होतं. कोगे मैदानावर अर्धवर्तुळ घेत होती. पाखरू पळालं की वळायचं. कितीएक संध्याकाळी तिने हेच केलं होतं, आणि वळल्यावर एक मूठ शोधायची हेही.

मित्सुयोने पाठ फिरवली. ससाणीच्या डोळ्यांत बघायचं नसतं. बघितलं की तिला दुसरा शिकारी दिसतो. कोठाराकडे तोंड करून तिने डावा हात बाजूला धरला, मांस बोटांत घट्ट पकडलं आणि आता झाकण वाजवलं. एकदाच.

काही नाही. धुक्यात कुठेतरी पहिली लोकल स्टेशनात शिरल्याचा आवाज. हात भरून आला. किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मग मागून घंटी वाजली, अगदी कानापाशी, आणि मनगट खाली दबलं.

तिने मान वळवली नाही. कोगे अधाशासारखी तोडून खात होती. मित्सुयोने उजव्या हाताने तिच्या पायातले चामडी पट्टे पकडले, बोटांमध्ये गुंडाळले, दोनदा गुंडाळले. कोगेला मुठीवर तशीच धरून व्हॅनपर्यंत जायला तिला अर्धा तास लागला. काट्यावर नऊशे तीन. त्यात प्रेम म्हणावं असं काही नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. तरी आकडा वाचताना तिला काटा नीट दिसेना.

नऊ वाजता याहागीसानचा फोन आला. तिने "आली" एवढंच सांगितलं. पलीकडे ऑफिसात त्यांनी कुणाला तरी ओरडून सांगितलं, "आली! बाईसाहेब आल्या!" आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"मग मी आता हा कागद पुरा करतो," ते परत फोनवर येऊन म्हणाले. "वर द्यावा लागतो, काही घडलं की. कारणापुढे 'जोराचा वारा' लिहिलंय मी. तुम्ही म्हणाला होतात तसं."

मित्सुयो व्हॅनच्या पायरीवर बसली होती. आत डब्यात कोगेने पिसं झटकली.

"ते खोडा, याहागीसान."

"अहो, राहू दे की. वाऱ्याचं कुणाला काय पडलंय."

"मी खायला जास्त घातलं होतं. वादळाच्या दिवशी. एक नाही, सहा तुकडे."

"तुम्ही? चुकून?"

"चुकून नाही." तिने समोर पाहिलं. मैदानात धुकं विरत होतं. "दोन दिवस बोलायला कुणी नव्हतं. ती घासाला येत होती. म्हणून घालत राहिले."

कागद उलटल्याचा आवाज आला, मग पेन टेबलावर ठेवल्याचा.

"कारणाचा रकाना एवढासाच आहे हो, कुरिहाशीसान," ते शेवटी म्हणाले. "'आहारात चूक' लिहू?"

"लिहा. पुढे जो कुणी ताकाजो बोलवाल त्याला दाखवा."

"पुढेही तुम्हीच." मग घसा खाकरून, जरा घाईने, "आज दुपारी स्टेशनापाशी असाल? मी जेवायला तिथेच जातो. आजींकडे. बसायला जागा असते, दोन माणसांपुरती."

दुपारी कोगेचं वजन पुन्हा घ्यायचं होतं, पट्टे बदलायचे होते, टाचांना काही लावायचं होतं.

"बाराला," ती म्हणाली. "पण मला फारसं बोलता येत नाही, याहागीसान."

"बरं झालं," ते म्हणाले. "मी बोलायला लागलो की थांबत नाही, असं घरी म्हणतात."